दातांनाही वाफसा लागतो

दात किडायला चार गोष्टी एकत्र याव्या लागतात: दात, तोंडातले जंतू, साखर आणि वेळ. पैकी पहिल्या दोन सगळ्या जगात सारख्याच मिळतात. तिसरी बारामती आणि इंदापूर तालुक्यांत पोत्याने मिळते. चौथीची टंचाई पणदऱ्यात अजून तरी कोणी ऐकलेली नाही. शंका असल्यास सकाळी दहाच्या सुमारास स्टँडजवळच्या हॉटेलातली बाकडी पाहून घ्यावीत. चारांतली एक जरी काढून घेतली तरी कीड लागत नाही. दातच काढून घेणे हा उपाय पूर्वी सर्रास होत असे आणि तो खात्रीचाही होता, पण इथे उरलेल्या तिन्हींचाच विचार केला आहे.

साखरेपासून सुरुवात करणे भाग आहे, कारण या भागात बहुतेक गोष्टींची सुरुवात तिथूनच होते. पणदरे बारामतीहून नीरेकडे जाणाऱ्या रस्त्यावर लागते. अलीकडे माळेगावचा कारखाना, पलीकडे सोमेश्वरचा, आणि इंदापूरच्या बाजूला भवानीनगरचा छत्रपती. नीरा डाव्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या मुलखात फिरले आणि ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. नीरेजवळच्या पाडेगावला १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे. उसात साखर जास्त कशी भरेल यावर तिथे शास्त्रज्ञांच्या पिढ्यांनी डोके चालवले. एका टनातून कारखान्याने ११० किलो साखर काढली की ११५, म्हणजे उतारा अकरा बसला की साडेअकरा, यावरून वार्षिक सभेत माइक हिसकावले जातात. त्याच माइकपुढे उघडलेल्या तोंडांत दाढांचा उतारा किती बसला आहे, हे मात्र अहवालात छापलेले नसते.

सभासदाला कारखान्याकडून सवलतीच्या दराने साखर मिळते. ती घरात येते तेव्हा डब्यात मावत नाही, म्हणून पोते पलंगाखाली जाते. पलंगाखाली पोते असलेल्या घरात पाहुण्याच्या चहात साखर मोजून घालणे हा पाहुण्याचा आणि कारखान्याचा असा दुहेरी अपमान ठरतो. "साखर जरा कमी" असे कोणी म्हटलेच, तर आतून उत्तर येते, "आवं, पदरची टाकतोय व्हय आमी? कारखान्याचीच हाय!"

बारामती तालुक्यातले मोठे दैवत म्हणजे मोरगावचा मयूरेश्वर. त्याला दात एकच आणि नैवेद्य मोदकाचा. पुराणांनी दुसरा दात जाण्याची कारणे वेगळी दिली आहेत, आणि ती मान्य करावीत हे उत्तम.

आता जंतू. किडलेल्या दातात खरोखरीची अळी असते, अशी समजूत जगभर हजारो वर्षे टिकली. खेडोपाडी अजूनही भुईरिंगणीच्या बियांची धुरी देणारे माहीतगार सापडतात. निखाऱ्यावर बी टाकायचे, नळीने धूर तोंडात घ्यायचा, लाळ पाण्याच्या वाटीत गाळायची आणि वाटीत तरंगणारे पांढरे बारीक काहीतरी घरच्यांना दाखवायचे. घरचे "अगं बाई!" म्हणतात आणि रोगी खुशीत बिदागी देतो. युरोपातले वैदूही खुरासनी ओव्याच्या बियांनी हाच खेळ करत. उष्णतेने बी फुटून आतला अंकुर बाहेर पडे आणि तोच अळी म्हणून खपवला जाई. पियेर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ च्या ग्रंथात आपल्याला भिंगाखालीही अळी दिसली नाही, असे म्हटले. वाटीतली अळी दिसायला भिंग लागत नाही, त्यामुळे पुढची दोनएक शतके तिचीच सरशी होत राहिली.

खरी गोष्ट विलोबी मिलर या अमेरिकन माणसाने बर्लिनमध्ये बसून १८९० साली मांडली. तोंडातले जंतू साखर खातात, त्यातून आम्ल तयार होते आणि ते आम्ल दात विरघळवते. पुढे १९२४ मध्ये क्लार्क यांनी या कामातला पटाईत जंतू ओळखला. त्याचे नाव स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स. साखर मिळाली की तो आम्ल तर करतोच, शिवाय त्याच साखरेचा चिकट डिंक करून दाताला घट्ट बसतो. दाताचे बाहेरचे कवच शरीरातला सगळ्यांत कठीण पदार्थ आहे, वजनाने ९६ टक्के खनिज. इतके कठीण असूनही त्याचे एक दुबळेपण आहे, आणि ते सामूचे, म्हणजे पीएचचे. माती परीक्षणाचा अहवाल घरी आलेल्या कोणालाही सामू समजावून सांगावा लागत नाही. काळ्या जमिनीचा सामू आठाच्या आसपास असतो, तोंडाचा सातच्या. तो साडेपाचाच्या खाली गेला की कवचातले कॅल्शियम सुटू लागते. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांत सामू तिथे पोहोचतो, आणि लाळ त्याला वर आणायला अर्धा ते एक तास घेते. रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात हे मोजून त्याचा आलेख काढला.

या आलेखात दातांच्या राखणीचे निम्मे शास्त्र आहे, आणि ते ऊसवाल्याला ऐकताक्षणी पटायला हवे. पाणी पाजल्यावर रानाला वाफसा यावा लागतो, म्हणजे पाणी निचरून मातीत हवा खेळावी लागते. वाफसा येण्याआधीच पुन्हा बारे दिले, पुन्हा दिले, तर मुळ्यांना हवा मिळत नाही आणि जमीन हळूहळू चोपण होते. नीरा खोऱ्यात अशी कितीतरी रानं पाण्याअभावी नव्हे, पाण्यानेच गेली. दाताचेही तसेच आहे. दोन गोडांच्या मध्ये लाळेला वेळ मिळाला तर ती सुटलेले कॅल्शियम पुन्हा कवचात बसवते; दात दिवसातून अनेकदा थोडा झिजतो आणि थोडा भरून येतो. बिघडते ते पाळ्या जवळजवळ आल्या की. एकूण साखर किती खाल्ली याला महत्त्व आहेच, पण ती किती वेळा खाल्ली याला त्याहून जास्त.

आणि पाळ्या जवळजवळ येतातच. साडेपाचला उठल्याउठल्या एक चहा. सातला दूध घालायला डेअरीवर गेले की तिथे दुसरा, कारण फॅट लागेपर्यंत उभे राहायचे असते. नऊला घरी खारीबरोबर तिसरा. अकराला सोसायटीत कर्जाची चौकशी करायला जावे, तर साहेब जागेवर नसतात, पण चहावाला असतो. जेवणानंतर झोप, झोपेनंतर चहा. चारला मोटारीचा स्टार्टर बघायला आलेल्या वायरमनला एकट्याने कसा पाजायचा, म्हणून त्याच्याबरोबर अर्धा. संध्याकाळी पारावर राजकारण, आणि तालुका बारामती असल्यामुळे ते एका कपात आटोपत नाही. असा दिवस काढणारा गृहस्थ दातांच्या दवाखान्यात खुर्चीवर आडवा होऊन सांगतो, "गोड म्हनाल तर मी खातच नाय." तो खोटे बोलत नाही. चहाला गोडात धरायची पद्धत इकडे नाही.

स्वीडनमधल्या लुंड शहरात विपेहोल्म नावाच्या संस्थेत दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षे एक प्रयोग झाला. तिथल्या मनोदुर्बल रहिवाशांना, त्यांची संमती न घेता, वेगवेगळ्या रीतीने साखर खायला दिली. जेवणाबरोबर दिलेल्या साखरेने दात फारसे बिघडले नाहीत. दोन जेवणांच्या मधे वारंवार दिलेल्या चिकट टॉफीने मात्र धडाधड किडले. असा प्रयोग आज कोणी करू धजणार नाही, कारण तो उघड अन्याय होता. पणदऱ्यात तो लोक राजीखुशीने आणि स्वखर्चाने करतात.

तेव्हा गोड खायचेच तर जेवणात खावे: पुरणपोळी, शिरा, जिलबी, जे काही असेल ते ताटातच संपवावे. मधल्या वेळचा चहा शक्यतो बिनसाखरेचा घ्यावा. ही सूचना कागदावर सोपी दिसते. प्रत्यक्षात बिनसाखरेचा चहा मागितला की घरात शांतता पसरते, यजमान खालच्या आवाजात "कवापासनं शुगर?" असे विचारतात, आणि निघताना हातावर कुठल्यातरी झाडाच्या पाल्याचा पत्ता ठेवतात. अनुभवी लोक म्हणून सरळ "हो, आहे थोडी" म्हणून मोकळे होतात. दात वाचवण्यासाठी इतके खोटे माफ असावे.

गुळाबद्दलचा गैरसमज इथेच काढून टाकलेला बरा. गूळ सेंद्रिय, बिनकेमिकलचा आणि थेट गुऱ्हाळावरचा असला तरी त्यात मुख्यतः तीच ऊससाखर असते, आणि जंतू पिशवीवरचे लेबल वाचत नाहीत. हल्ली रस्तोरस्ती निघालेला गुळाचा चहा मनाला बरा वाटतो; दाढेला फरक कळत नाही. काकवी तर चिकटून बसण्यात साखरेच्या पुढे आहे. जत्रेतली गोडीशेव, रेवड्या आणि शेंगदाण्याची चिक्की त्याच पंगतीला. नुसते शेंगदाणे मात्र चांगले. चावून लाळ सुटते आणि जंतूंच्या हाती विशेष काही लागत नाही. दुर्दैवाने नुसते शेंगदाणे खाणाऱ्याच्या दुसऱ्या हातात बहुधा गुळाचा खडा असतो.

ऊस चावल्याने दात घट्ट होतात, हे मत गळीत हंगामात जोर धरते. गतिरोधकावर ट्रॅक्टरची ट्रॉली हळू झाली की पोरे मागून कांडे ओढतात आणि दाढेने सोलायला लागतात. चोयट्यांनी दात घासले जातात आणि लाळही सुटते, हे खरे. पण त्याच वेळी जो रस तोंडभर फिरतो त्यात १३ ते १५ टक्के साखर असते. रसवंतीचा मोठा पेला याच हिशेबात बसतो: त्यात पंचवीस ते तीस ग्रॅम साखर सहज जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मोठ्या माणसाने दिवसभरात २५ ग्रॅमच्या आत राहावे तर उत्तम, असे सांगितले. म्हणजे रसवंतीच्या घुंगरांचा आवाज थांबेपर्यंत दिवसाचा कोटा संपलेला असतो. प्यायचाच तर एका दमात प्यावा, गप्पा मारत तासभर चाखू नये, आणि वर साध्या पाण्याने चूळ भरावी.

चघळायच्या गोळ्या हा वेगळा विषय आहे. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसवणाऱ्या वालचंद हिराचंदांनीच नाशिक जिल्ह्यात रावळगावला साखर कारखाना काढला आणि तिथे १९४२ पासून गोळ्या बनू लागल्या. त्या गोळ्यांनी मराठी मुलांचे बालपण गोड केले, हे कृतज्ञतेने नोंदवायला हवे. दाढांची बाजू इथे ऐकून घेतलेली नाही. किराणा दुकानात तर गोळी हे चलन आहे. सुटे नाहीत म्हणून दुकानदार दोन रुपयांच्या दोन गोळ्या हातावर ठेवतो. त्याच गोळ्या उलट दिशेने, म्हणजे गिऱ्हाइकाकडून दुकानदाराकडे, कधी चाललेल्या दिसत नाहीत. त्यामुळे त्या खाव्या लागतात. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत आता फेरेरो या इटालियन कंपनीचा कारखाना आहे, तेव्हा परदेशी गोडासाठीही गाव सोडावे लागत नाही. तिथेच डायनॅमिक्स डेअरीत चीजही तयार होते. जेवणाच्या शेवटी चीजचा तुकडा खाल्ला तर तोंडातले आम्ल कमी होते, हे दंतशास्त्राने मान्य केले आहे. तालुक्याने असे विष आणि उतारा दोन्ही एकाच वसाहतीत बनवण्याची सोय केली. चीज तेवढे बाहेरगावी जाते.

आता दात घासणे. जुन्या पिढीची राखुंडी फुकट होती आणि चुलीत रोज नवी निघे. तिचा दोष एवढाच की ती खरखरीत असल्याने कवच घासून टाकते. विटेची भुकटी आणि कोळसा यांचेही तेच. बाभळीची किंवा कडुलिंबाची काडी त्यापेक्षा कितीतरी बरी, चावून तिचा कुंचला नीट केला तर. त्यानंतर माकडछाप काळे मंजन आले, १९५२ पासून विको आले, आणि पेस्टने तर घराघरात बेसिनची जागा ठरवली.

मिसरी या यादीत घालू नये, कारण ती दात घासायची वस्तूच नाही. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि बोटाने हिरड्यांवर फिरवायची. घरभर ठसका उठतो, सुना दार उघडतात आणि सासूबाई "मिसरी लावल्याबिगर पोट साफ हुईना" असे वैद्यकीय कारण देतात. ते व्यसनाचे लक्षण आहे. तंबाखूने हिरड्या दातांपासून सुटतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. मिसरी घरच्या तव्यावर होत असल्याने ती बंदीच्या कुठल्याच कचाट्यात सापडत नाही.

ब्रश मऊ घ्यावा. कडक ब्रशने आडवे खसाखसा घासले तर हिरडीजवळ दाताला खाच पडते आणि गार पाणी लागले की माणूस उडतो. दोन मिनिटे पुरतात. ग्रामीण पद्धत याहून दमाची आहे. तोंडात ब्रश धरून ओट्यावर बसायचे, रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला फेसातून हाळी द्यायची, गोठ्यात चक्कर मारायची, आणि अर्ध्या तासाने घशात बोटे घालून असा आवाज काढायचा की शेजारच्या आळीला उजाडल्याचे कळावे. या अर्ध्या तासात समोरचे सहा दात घासले जातात. दाढांकडे कोणी फिरकत नाही, आणि कीड तर तिथेच, दाढांच्या वरच्या खाचांत आणि दोन दातांच्या फटीत सुरू होते.

पेस्टमध्ये फ्लोराइड असावे, साधारण १००० पीपीएम. ते कवचात शिरून त्याला आम्लापुढे टिकाऊ करते आणि कॅल्शियम परत बसायला मदत करते. जाहिरातीत ब्रशभर पसरलेली पेस्टची लाट ही विक्री खात्याची मागणी असते. मोठ्यांना वाटाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तेवढीच आणि त्याहून लहानांना तांदळाच्या दाण्याएवढी पुरते. घासून झाल्यावर थुंकावे, पण तांब्याभर पाण्याने खळखळून चुळा भरू नयेत, नाहीतर फ्लोराइडही मोरीत जाते. जास्तीचे फ्लोराइड पोटात जाणेही वाईटच. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांच्या बोअरच्या पाण्यात ते मुळातच इतके आहे की मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात.

दात घासायच्या दोन वेळांतली महत्त्वाची वेळ रात्रीची. झोपेत लाळ जवळजवळ आटते, त्यामुळे दातात अडकलेला घास आणि जंतू यांच्यात रात्रभर कोणी पडत नाही. तरीही घासायचे सकाळी, हा नियम इकडे धर्माइतका पक्का आहे. रात्री ब्रश करणाऱ्याला "कुठं लग्नाला चाललाय का?" असे विचारले जाते.

मुलांच्या दातांची हेळसांड "दुधाचेच आहेत, पडणारच आहेत" या वाक्याने होते. दुधाचे वीस दात खरोखर पडतात. पण वेळेआधी किडून गेले तर मागचे दात पुढे सरकतात आणि कायमच्या दातांना जागा उरत नाही. बाळ तोंडात दुधाची गोड बाटली धरून झोपले की वरचे समोरचे चार दात आधी जातात. त्याहून मोठी फसगत सहाव्या वर्षी होते. शेवटच्या दुधाच्या दाढेमागे पहिली कायमची दाढ गुपचूप उगवते. तिच्याआधी काही पडलेले नसते, त्यामुळे घरात कोणाला पत्ता नसतो, आणि पडलेला दात शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर फेकायचा सोहळाही होत नाही. वर स्लॅब आल्यापासून तो सोहळा तसाही अवघड झाला आहे. ही दाढ जन्मभर पुरायची असते, आणि चौथीत पोचेपर्यंत पुष्कळदा तिला खड्डा पडलेला असतो. तिच्या खोल खाचा दंतवैद्याकडून वेळीच भरून घेता येतात. त्यात दुखत काहीच नाही, म्हणून ते कोणाला सुचतही नाही.

कारण दुखल्याशिवाय दवाखाना नाही, हे ठरलेले. कीड कवचात असते तोवर दुखत नाही. तेव्हा गेले तर छोट्या फिलिंगवर भागते. कीड दाताच्या नसेपर्यंत गेली की रूट कॅनल, टोपी आणि चार-पाच फेऱ्या. मधल्या काळात घरगुती उपचार चालतात. लवंगेच्या तेलाने थोडा वेळ बधिर होते. त्यातला युजेनॉल दंतवैद्यही वापरतात. खड्ड्यात तंबाखूची चिमूट किंवा दुखण्याची गोळी दाबून ठेवली तर मात्र दाढ तशीच राहते आणि शेजारची हिरडी भाजते. दाढ काढायचे ठरलेच, तर घरातला एक जाणता "वरची काढू नका, नजर जाते" असे बजावतो. नजरेची असते ती दुसरी मज्जातंतूंची जोडी आणि दातांची पाचवी. त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. दात पडायच्या वयातच मोतीबिंदूही येतो, एवढाच योगायोग.

शेवटी कवळी. तिलाही निगा लागते. रोज ब्रशने धुवावी, तेही भांडे खाली ठेवून, कारण फरशीवर पडली की तिचे दोन तुकडे होतात. रात्री काढून पाण्यात ठेवावी म्हणजे हिरड्यांना विसावा मिळतो आणि ती वाकडी होत नाही. उकळत्या पाण्यात घालू नये. बनवून आणलेली कवळी सदऱ्याच्या खिशात ठेवून फक्त लग्नात आणि फोटोला लावणारे आजोबा गावोगाव आहेत. ती टोचते, अशी त्यांची तक्रार असते. न वापरल्यामुळे ती टोचत राहते आणि टोचते म्हणून ते वापरत नाहीत. दवाखान्यात नेऊन दोनदा घासून घेतली तर बहुधा बसते. ऊस मात्र तिने सोलायचा नसतो. त्याच्या गंडेऱ्या करून घ्याव्या लागतात, आणि त्या करून द्यायला नातवंडे एका पायावर तयार असतात, कारण निम्म्या त्यांच्याच तोंडात जातात.